साखळी नसलेले दिवस

त्या उन्हाळ्यात लोक पाणी कसे पितात हे लिहून ठेवणे हे माझे काम होते. वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, मध्ये दीड ते दोन जेवणाची सुट्टी. बसायची जागा नवी पेठेतल्या एका मॅचिंग सेंटरचा पोटमाळा. तिथे रिकाम्या खोक्यांच्या मधोमध एक खुर्ची, एक टेबलफॅन आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी होती. खिडकीतून समोरचे कापडदुकान दिसायचे आणि दुकानाच्या पायरीला लागून असलेली पाणपोई. तोट्या बसवलेले दोन रांजण, भोवती ओली पोती, वर पत्रा आणि लोखंडी तिवईवर स्टीलचे सहा पेले.

मी बावीस वर्षे एका दैनिकाच्या स्थानिक आवृत्तीत होतो. आधी वार्ताहर, नंतर उपसंपादक. आवृत्तीची पाने दुसऱ्या शहरात जुळवून तयार होऊ लागली तेव्हा आमचे टेबल बंद झाले. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी एक प्राध्यापिका मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिला वेळ अचूक लिहिणारा आणि स्वतःचे मत न लिहिणारा माणूस हवा होता. मी होतो.

तिचे वडील यंत्रमागावर होते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आठ वर्षे ती एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच मानधन आणि उन्हाळ्यात काहीच नाही. कायम जागेसाठी पीएच.डी. हवी. तिच्या नोंदणीला दोनदा मुदतवाढ मिळाली होती आणि तिसरी मिळणार नव्हती. जूनअखेर प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले. नंतर कधी बोलली नाही. पण तिच्या मोबाइलच्या पडद्यावर उरलेल्या दिवसांचा आकडा असायचा आणि तो रोज एकाने कमी व्हायचा.

प्रयोग साधा होता. कापडदुकानाचे मालक दर वर्षी आईच्या स्मरणार्थ पाणपोई घालत. पेल्यांच्या काठाला भोक पाडून त्यात साखळी ओवलेली असे आणि ती साखळी तिवईला बांधलेली. तिचा अंदाज असा की साखळी माणसाला सांगते, तुझ्यावर आमचा भरवसा नाही. मग माणूस तसाच वागतो. तोंड लावून पितो, पेला टाकून देतो. साखळी काढली तर तोच माणूस पेला विसळेल, पालथा घालेल, मागच्याला भरून देईल. पेलाही जाणार नाही. म्हणून काही दिवस साखळीचे पेले, काही दिवस मोकळे. मोकळे सहा पेले तिने स्वतः विकत आणले आणि प्रत्येकाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. कोणता दिवस कसला, हे सकाळी चिठ्ठी काढून ठरायचे. मी खिडकीतून रकाने भरायचे. विसळला की नाही, पालथा की उताणा, दुसऱ्याला दिला की नाही. आणि तासाला एकदा पेल्यांची मोजणी.

“हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत नाही का करता येत?” मी विचारले होते.

“येतं की. वर्गातली तीस मुलं बोलवायची, पाणी द्यायचं. ती मला ओळखतात, काका. पेला धुऊन, पुसून, वर नमस्कार करून ठेवतील.” मग ती म्हणाली, “माणूस जिथं वागतो तिथंच जाऊन बघायचं. आणि प्रयोग चाललाय हे ज्याला कळलं, तो त्या दिवसापासून प्रयोगात नाही. तो नाटकात.”

दुकानाच्या मालकांना तिने इतकेच सांगितले होते की लोक पाणी कसे पितात याचा अभ्यास आहे आणि काही दिवस साखळी काढावी लागेल. त्यावर मालक म्हणाले होते, “काढा की. संध्याकाळी तिवई तरी ठेवतात का बघू.”

माझ्या धंद्यात नियम उलटा होता. समोरच्याला विचारायच्या आधी आपण कोण, कशासाठी आलो, कुठे छापून येणार हे सांगायचे. न सांगता मिळवलेली माहिती आमचे संपादक छापत नसत. ही सवय टेबल बंद झाले म्हणून जात नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मालकांनी मला दुकानात बोलावले. पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, कपाळाला भस्म, गळ्यात मीटरची टेप. गिऱ्हाइकाशी मराठी, घरच्यांशी कन्नड. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. त्यांनी ताक पुढे केले.

“काय लिहलालाव ओ दिवसभर?”

“पेले किती राहतात ते मोजतो. धुतात का ते बघतो.”

“आणि मग?”

“मग ते मॅडमच्या प्रबंधात येईल.”

“नवी पेठेचं नाव येणार त्यात?”

“येईल.”

“म्हंजे पुस्तकात. कुटं असतंय ते पुस्तक?”

“विद्यापीठाच्या ग्रंथालयात.”

“किती दिवस?”

“कायमचं.”

अण्णांनी हातातला कापडाचा तुकडा घडी घालून फळीवर ठेवला, पुन्हा काढला आणि पुन्हा घडी घातली. मी ताक संपवून वर गेलो. माझ्या उत्तरातला प्रत्येक शब्द बरोबर होता. चूक तीच होती.

चौथ्या दिवशी अण्णांची गादी दुकानाच्या आतून उंबरठ्याजवळ आली. मी ते पाहिले, लिहिले नाही. गादी कुठे आहे यासाठी रकाना नव्हता.

त्यानंतरचे मोकळे दिवस असे गेले की तिने सुद्धा अपेक्षा केली नसेल. संध्याकाळी पाचला सहा पेले. दुसऱ्या सकाळी सहा पेले. लोक पेला विसळत होते, पालथा घालत होते. ती संध्याकाळी माझे कागद घेऊन जिन्यातच वाचायची. एका दिवशी म्हणाली, “एक पण गेला नाही, काका. अण्णांची तिवई जाणार होती ना?” तिचे मार्गदर्शक दुसऱ्या शहरात होते. त्यांना तिने फोन केला. ते खूश झाले. प्रबंधाचे शेवटचे प्रकरण तिने लिहायला घेतले.

पंधराव्या दिवशी माझी पाण्याची बाटली बारालाच संपली. निरीक्षकाने पाणपोईवर जायचे नाही, असा नियम होता. पोटमाळ्यावर पत्रा तापला होता आणि पंखा गरम वारा फेकत होता. सुट्टी होताच मी खाली उतरलो, रस्ता ओलांडला आणि पाणी प्यायलो. पेला पालथा घालताना त्यावर नाव दिसले.

भांड्यांच्या दुकानात यंत्राने घालून देतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरे. एका बाईचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. वर पत्र्यावर रंगवलेल्या पाटीवर, ‘यांच्या स्मरणार्थ’ या शब्दांच्या आधी, तेच नाव होते. मी पेला उलटा केला. बुडाला लाल ठिपका नव्हता. बाकीचे पाहिले. सहापैकी तीन नावाचे, तीन ठिपक्याचे.

त्या संध्याकाळी मी माझ्याकडच्या जुन्या कागदांच्या प्रती काढून बसलो. दोन दिवसांच्या नोंदीत माझ्याच अक्षरात होते: १.२५ – पाच. २.०५ – सहा. लिहिताना मी स्वतःची समजूत घातली होती की कुणी पेला पायरीपर्यंत नेला असेल आणि परत आणून ठेवला असेल. एखाद्या वार्ताहराने पहिल्या परिच्छेदात पाच जखमी आणि तिसऱ्या परिच्छेदात सहा लिहिले असते, तर मी त्याला टेबलापाशी उभा केला असता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता, गिऱ्हाईक यायच्या आधी, मी दुकानात गेलो. आडवळणाने विचारायची गरज पडली नाही. मी पेल्याचा विषय काढताच अण्णा म्हणाले, “बसा की आधी.”

“किती ठेवलेत, अण्णा?”

“जेवढे गेले तेवढे.”

“का?”

“का म्हंजे? पुण्या-मुंबईचे लोक पुस्तक उघडणार, आणि काय वाचणार? सोलापुरात नवी पेठेत धर्माच्या पाण्यावरचे पेले चोरतात. कायमचं. तुमीच म्हणालाव ना, कायमचं?”

“तुम्हीच तर आधी म्हणत होता, तिवईपण राहणार नाही.”

“ते मी म्हणायचं! आपल्या घरात आपण पोराला गाढव म्हणतो, म्हणून शेजाऱ्यानं म्हणायचं व्हय?” आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि पोरीचं तर बरंच होतंय की. खूश हाय ती. मला पेढे द्यायला निघाली होती. तुमी कशाला तोंड उघडता?”

मी पाच दिवस तोंड उघडले नाही.

त्या पाच दिवसांत दोन मोकळे दिवस होते. मी रकाने भरले. सहा, सहा, सहा. आकडे खोटे नव्हते. तिवईवर खरोखर सहा पेले होते. घरून निघताना मी दार उघडून आधी कानोसा घ्यायचो, ती जिन्यात नाही ना. वर्तमानपत्रात मी अनेकदा बातमी रोखून धरली होती, दुजोरा मिळेपर्यंत. इथे दुजोरा मिळालेला होता. मी रोखून धरत होतो ती माझीच चूक, कारण काय मोजतो आणि ते कुठे छापून येणार हे अण्णांना मीच सांगितले होते.

सहाव्या दिवशी सकाळी तिचा निरोप आला की आज निरीक्षणाला सुट्टी, तिला सात रस्त्यावर टायपिंगच्या दुकानात जायचे आहे, शेवटचे प्रकरण द्यायचे आहे, मी शुद्धलेखन बघायला येईन का. मी गेलो. प्रबंध छापणारी, बांधणारी दुकाने तिथे रांगेने आहेत. एका दुकानाच्या बाकावर ती मांडीवर कागद घेऊन बसली होती. वरच्या पानावर प्रकरणाचे नाव होते, ‘विश्वास आणि वर्तन’. मी पहिले पान वाचले. एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला. मग पेन बंद करून सांगितले. अण्णा, नाव घातलेले पेले, दीड ते दोनची सुट्टी, ताक. ताकाचे शेवटी सांगितले.

तिने मांडीवरच्या कागदांच्या कडा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या. सिग्नल दोनदा सुटला.

“कधी कळलं तुम्हाला?”

“गेल्या आठवड्यात.”

“आणि आज सांगताय.”

“हो.”

“मी तुम्हाला निरीक्षक म्हणून ठेवलं होतं, काका. सोयरे म्हणून नाही.”

दुकानदाराने विचारले, मॅडम, टाकू का टायपिंगला? ती म्हणाली, “नका टाकू.” कागद पिशवीत ठेवून ती उठली आणि रिक्षा थांबवली. मला बस म्हणाली नाही. मी बसलो.

अण्णा दुकानातच होते. त्या वेळी त्यांच्या पत्नी जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. घर मागच्याच बोळात होते. ती सरळ म्हणाली, “अण्णा, किती पेले गेले? मला रागवायचं नाही. फक्त आकडा सांगा.”

“मला काय ठाऊक? मोजायची सवय नाही मला.”

मीटरची टेप त्यांच्या गळ्यातच होती. त्यांच्या पत्नीने डबा गादीवर आपटला.

“मला इचारा. माझ्या फळीवरनं गेलेत. सासूबाईंचा चोवीस पेल्यांचा संच, सगळ्यांवर नाव. दोन-चार दिवसाला एक कमी. मी म्हटलं उंदीर न्हेतोय का मांजर! पाच न्हेलेत यांनी.”

“साकु,” अण्णा कन्नडमध्ये म्हणाले. पुरे.

“का साकु? पाच न्हेलेत, आणि तिवईवर नावाचे चारच हायत, मी येताना बघितलं. म्हंजे त्यातला पण एक गेला. सासूबाईंचा.” मग तिच्याकडे वळून, “पहिला गेला तो सोमवार, माझा उपास होता. दुसरा गेला त्या दिवशी गॅस संपला. तिसरा…”

मी खिशातून वही काढली होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

“नको, काका. अक्का, तुमचं सगळं खरं असेल. पण नंतर आठवलेलं मला नाही लिहिता येत. त्या वेळी लिहिलेलंच चालतं.”

अण्णा म्हणाले, “मग आता काय करणार? झालं ते झालं. चांगलं झालंय की. लिहून टाका.”

“तुम्ही उंबरठ्यात बसला होता, अण्णा. लोक तुमच्याकडं बघून पेला विसळत होते. त्यातलं काय लोकांचं आणि काय तुमचं, मला कसं कळणार?”

“मी एक शब्द बोललो नाही कुणाला!”

“तुम्ही बघत होता ना?”

अण्णांनी डबा उचलून गादीच्या मागे ठेवला.

मार्गदर्शकांना तिने दुकानाच्या पायरीवरूनच फोन लावला. रस्त्याच्या आवाजात ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू केला. ते म्हणाले, पेले मोजायचा रकानाच काढून टाका, विसळण्याचे आकडे पुरेसे आहेत, दिवस किती राहिलेत ते बघा. ती म्हणाली, “सर, अण्णांना तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं.” पलीकडून प्रश्न आला, हे कुणाकुणाला ठाऊक आहे? तिने माझ्याकडे पाहिले, अण्णांकडे पाहिले. “आम्हाला,” ती म्हणाली. आणि फोन ठेवला.

आधीचे सगळे दिवस तिने बाजूला काढले. नवे बारा दिवस ठरले. सहा साखळीचे, सहा मोकळे, चिठ्ठी टाकून. नवे पेले, नवे ठिपके. जूनचा पहिला आठवडा त्यात जाणार होता. पाऊस लवकर आला तर पाणपोई उठणार आणि प्रयोगही. आला नाही तरी लिहायला, टाईप करायला, बांधायला दोन-अडीच आठवडे. अण्णांना दोन अटी होत्या. पेल्यांना हात लावायचा नाही आणि रस्त्याकडे पाठ करून बसायचे.

“पाठ करून? गिऱ्हाईक आलेलं कसं कळणार?”

“हाक मारतील की,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “एवढे दिवस मला तरी हाकच मारावी लागलीय.”

पहिले चार दिवस मी त्यांची पाठ पाहिली. पाठ स्थिर नव्हती. तिवईवर पेला वाजला की खांदा उचलायचा. दुपारी रस्ता रिकामा झाला की मान अर्धी वळायची आणि परत जायची. दीड वाजता मी खाली उतरलो की ते आतूनच विचारायचे, “गेला का?” मी उत्तर द्यायचो नाही. नंतर त्यांनी विचारणे सोडले. फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे. मी तोंडही वळवून जाऊ लागलो. तिने मोबाइलवरचा दिवसांचा आकडा काढून टाकला होता. आता ती संध्याकाळी कागद घ्यायची, न वाचता घडी घालायची आणि जायची. बारा दिवस पुरे होईपर्यंत एकही कागद वाचणार नाही, असे तिने ठरवले होते. मला मात्र रोज माहीत असायचे आणि सांगायचे नव्हते. आकाशाकडे तिघेही बघत होतो, पण एकमेकांदेखत नाही.

पाचव्या दिवशी, मोकळा दिवस होता, बारा चाळीसला एक रिक्षा पाणपोईजवळ थांबली. एक बाई उतरली. पेला विसळला, भरला, रिक्षाकडे नेला. आत एक म्हातारा मान टाकून बसला होता. ती त्याला घोट घोट पाजू लागली. मागून दुसऱ्या रिक्षाने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बाई पेल्यासकट आत बसली आणि रिक्षा गेली.

साडी अंगावर लावून बघायला दुकानात भिंतभर आरसा होता. अण्णा पाठ करून बसले होते, तोंड आरशाकडे. त्यांनी सगळे पाहिले. ते उभे राहिले. मीटरची पट्टी हातात होती. उंबरठ्यापर्यंत एक पाऊल आले. मग त्यांनी वर, माझ्या खिडकीकडे पाहिले आणि रस्त्यापलीकडून ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, “लिवा की! माझ्याकडं काय बघताय?”

ते परत जाऊन बसले. मी रकान्यात लिहिले: १२.४० – पाच. रकाना तेवढाच होता, ‘राहिलेले पेले’. गेलेला पेला कसा गेला, यासाठी जागा नव्हती. या वेळी मी समासात लिहिले: एक पेला रिक्षातून. आत आजारी वृद्ध. सोबत बाई, पेला विसळून भरला. मालक आरशातून पाहत होते, हस्तक्षेप नाही. समासात लिहायचे असे ठरलेले नव्हते. नको असेल तर ती खोडेल, असे मी ठरवले.

बारा दिवसांत सहा मोकळे दिवस पुरे झाले. चार पेले गेले. साखळीच्या दिवसांत एकही नाही, कारण जाणारच नव्हता. विसळणारे मोकळ्या दिवशी थोडे जास्त निघाले. पण ती म्हणाली, इतक्या फरकावर काही म्हणता येत नाही. तिचा अंदाज खरा ठरला असे लिहिता येत नव्हते. खोटा ठरला असेही नाही. शेवटचे प्रकरण पुन्हा लिहिले गेले, त्याचे नाव बदलले. आधीचे बिघडलेले दिवस तिने लपवले नाहीत. ‘निरीक्षकाकडून माहिती उघड झाल्याने’ असे एक वाक्य त्यात होते. मी त्याचे शुद्धलेखन तपासले. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध दाखल झाला.

मौखिक परीक्षा हिवाळ्यात झाली. ती खुली असते. विभागाच्या फलकावर सूचना लागते, कुणीही येऊन बसू शकते आणि शेवटी श्रोत्यांना प्रश्न विचारायची मुभा असते. सहसा सहकारी आणि घरचे येतात. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, पत्नी इरकली नेसून. दोघे शेवटच्या ओळीत बसले. तिचे वडील पुढच्या ओळीत, हात गुडघ्यांवर ठेवून.

बाहेरगावचे परीक्षक शांतपणे पाने उलटत होते. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. मग त्यांनी विचारले, “तुमच्या मोकळ्या दिवसांत चार पेले चोरीला गेले. म्हणजे साखळी लावणारा दुकानदारच बरोबर होता, नाही का?”

“चार पेले गेले, सर. चोरीला गेले असं मी कुठं लिहिलेलं नाही.”

“फरक काय?”

तिने समोरचा पेला उचलला. पाणी प्यायली. मागून आवाज आला, “मी सांगू का सर? प्रश्न विचारायला चालतंय म्हणे हितं.”

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिले. “आपण?”

“तो साखळीवाला. त्यातला एक रिक्षातनं गेला. म्हातारं माणूस आजारी होतं, बाईनं पाणी पाजलं, मागनं हॉर्न, गेली बिचारी. मी आरशात बघितलं. चोर नव्हती ती.”

कुणीतरी हसले. परीक्षक तिच्याकडे वळले. “हे यांना नंतर आठवलं, की तेव्हाची नोंद आहे?”

तिने माझ्याकडे पाहिले नाही. प्रबंध उघडला, मागची पाने काढली. “आहे, सर. परिशिष्टात निरीक्षकाच्या मूळ कागदांच्या प्रती आहेत. पाचवा दिवस, समासात.”

परीक्षकांनी ते पान काढले आणि माझे अक्षर वाचले. बराच वेळ वाचले. मग विचारले, “आणि उरलेले तीन?”

“ते बाहेरगावचे,” अण्णा लगेच म्हणाले. “बाजारच्या दिवशी लई लोक येतात बाहेरनं.”

“त्याची नोंद नाही, अण्णा,” ती म्हणाली.

“मग नोंद नाही म्हणून सांगा की. मी कुठं खोटं लिवा म्हणलो?”

मग सगळ्यांना बाहेर थांबवले. वीस मिनिटांनी दार उघडले आणि पदवीची शिफारस केल्याचे सांगण्यात आले. परीक्षकांनी आणखी एक वाक्य जोडले की प्रबंधातले सर्वांत उपयोगी पान बिघडलेल्या दिवसांचे आहे. तिचे वडील उठून उभे राहिले आणि कुणाशी हात मिळवायचा हे न कळून तसेच उभे राहिले. पेढे अण्णांनी आणले होते.

गर्दी पांगल्यावर त्यांच्या पत्नी माझ्याजवळ आल्या. त्यांनी परिशिष्ट कुठे असते ते विचारले. मी प्रबंधाची मागची पाने उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावून माझे कागद एकेक करून उलटले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

“सासूबाईंचा तो एक गेला. तो कुठल्या पानावर हाय?”

तो बाजूला काढलेल्या दिवसांपैकी एका दिवशी, मी जेवायला गेलो असताना किंवा पाचनंतर, गेला होता. माझ्या त्या दिवसाच्या कागदावर सहा लिहिलेले होते, आणि परिशिष्टात नव्या बारा दिवसांचेच कागद होते, तो नव्हता.

“नाहीये, वहिनी.”

त्यांनी पाने पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतली.